टाकळ्याचं बी आणि जुएमिंगचा चहा

आजच्या आरोग्याच्या गप्पांमध्ये मी एका बीबद्दल बोलणार आहे. हे बी तुमच्यापैकी बहुतेकांनी गावाकडे पायाखाली तुडवलेलं आहे, आणि इथे सिंगापुरात काचेच्या बरणीत भरून विकायला ठेवलेलंही पाहिलेलं आहे. पाहिलं असेल, पण ओळखलं असेलच असं नाही. मीही ओळखलं नव्हतं. ओळखलं ते आमच्या आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी.

आम्ही राहतो तेलोक ब्लांगाला. संध्याकाळी आईंना घेऊन हार्बरफ्रंटपर्यंत पायी जायचं, सेंतोसाकडे जाणाऱ्या लाकडी पुलावर थोडा वारा खायचा, बाताम बेटाकडे निघालेल्या बोटी बघायच्या आणि परत यायचं, असा आमचा नेम. आई मूळच्या राजापूरकडच्या. समुद्र दिसला की त्यांचा जीव रमतो. परतताना वाटेत चिनी औषधांचं एक लहानसं दुकान लागतं. भिंतभर लाकडी खण, समोर बरण्या, आणि काउंटरवर पितळी तराजू घेऊन बसलेले एक म्हातारे अंकल.

एके दिवशी आई त्या दुकानासमोर थांबल्या आणि एका बरणीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अगं, हा तर टाकळा!"

मी म्हटलं, "आई, चिनी औषधांच्या दुकानात टाकळा कुठून येणार?"

"मला सांगू नकोस. आयुष्यभर उपटून टाकलाय मी. दे बघू एक दाणा."

अंकलनी हसत हसत चार दाणे आईंच्या तळहातावर ठेवले. तपकिरी, चकचकीत, कडेला तिरपे कापल्यासारखे. आईंनी एक दाणा दाताखाली धरला आणि मान डोलावली. टाकळाच.

आणि खरंच तो टाकळाच होता. चिनी लोक त्याला जुए-मिंग-त्झ म्हणतात. माझं माहेर वर्ध्याकडचं, तिथे आम्ही ह्यालाच तरोटा म्हणतो. शास्त्रीय नाव सेना तोरा, जुन्या पुस्तकांत कॅशिया तोरा. त्याचा अगदी सख्खा भाऊ सेना ऑब्टुसिफोलिया. चीनच्या सरकारी औषधकोशात जुएमिंग म्हणून ह्या दोन्ही झाडांचं बी चालतं. म्हणजे राजापूरच्या बांधावरचं झाड आणि हार्बरफ्रंटच्या बरणीतलं बी एकाच घरचं.

टाकळा कसा ओळखायचा ते आधी सांगते, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे. पहिला पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीवर हा उगवून येतो. पान मेथीसारखं वाटतं, पण मेथीला एका देठावर तीन पानं असतात आणि टाकळ्याला तीन जोड्या, म्हणजे सहा. टोकाकडे गोलसर, देठाकडे निमुळती. संध्याकाळ झाली की ही पानं मिटतात. श्रावण-भाद्रपदात पिवळी फुलं येतात आणि मग वीतभर लांब, बारीक, वाकड्या शेंगा. त्या शेंगांत हे दाणे. दाण्याचा आकार घोड्याच्या खुरासारखा दिसतो, म्हणून चिनीत त्याचं एक नाव 'घोड्याच्या खुराचं जुएमिंग' असंही आहे.

कोकणात टाकळ्याची कोवळी पानं पावसाळ्याच्या सुरुवातीला भाजीला घेतात. कांदा, लसूण, फणसाच्या आठळ्या आणि वरून ओलं खोबरं. झाड जून झालं की ती भाजी कडवट होते, मग कोणी हात लावत नाही. बी भाजून, कुटून कॉफीसारखं पिण्याची पद्धतही काही घरांत होती. आणि औषध म्हणून विचाराल, तर गजकर्ण, नायटा, खरूज. बी ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून लावायचं. संस्कृतात ह्या झाडाचं नावच मुळी चक्रमर्द, म्हणजे अंगावरची चक्रं, ते गोल गोल चट्टे, चिरडून टाकणारा. दुसरं नाव दद्रुघ्न, दद्रू म्हणजे गजकर्णच.

आता गंमत बघा. आपल्या लोकांनी हे बी पाहिलं आणि त्यांना कातडीचा आजार आठवला. चिनी लोकांनी तेच बी पाहिलं आणि त्यांना डोळे आठवले. जुए-मिंग-त्झ ह्या नावातला मिंग म्हणजे उजेड. तो चिनी लिपीत लिहितात तेव्हा सूर्याचं चिन्ह आणि चंद्राचं चिन्ह शेजारी शेजारी काढतात. त्झ म्हणजे बी. थोडक्यात, नजर उजळणारं बी. शेन्नोंगच्या नावाने ओळखला जाणारा चिनी वनौषधींचा सगळ्यात जुना ग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यातही ह्या बीचा उपयोग डोळ्यांसाठीच सांगितला आहे: डोळे लाल होणं, दुखणं, पाणी येणं, डोळ्यावर पडदा येणं.

त्यामागचा चिनी वैद्यकाचा विचार असा. त्यांच्या मते डोळ्यांचा संबंध यकृताशी आहे. यकृतात उष्णता वाढली की ती वर चढते. मग डोळे लाल होतात, डोकं दुखतं, गरगरतं. जुएमिंगची चव गोड, कडू आणि खारट, स्वभाव किंचित थंड. ते यकृताच्या आणि मोठ्या आतड्याच्या वाटेने जातं असं ते मानतात. म्हणून त्याची दोन कामं: वर गेलेली उष्णता उतरवून डोळे स्वच्छ करायचे आणि खाली कोरडं पडलेलं आतडं ओलसर करून पोट साफ करायचं. औषधकोशात काढ्यासाठी दिवसाचं प्रमाण ९ ते १५ ग्रॅम दिलं आहे. वापरण्याआधी दाणे ठेचून घ्यायचे, नाहीतर वरचं कडक साल पाणी आत जाऊ देत नाही.

आणखी एक महत्त्वाचा फरक ते करतात, कच्चं बी आणि भाजलेलं बी असा. कच्चं बी जास्त थंड आणि जास्त रेचक. मंद आचेवर, दाणे फुटून वास सुटेपर्यंत भाजलं की त्याचा थंडपणा आणि रेचकपणा दोन्ही कमी होतात. रोजच्या चहासाठी भाजलेलंच वापरतात, बरेचदा शेवंतीच्या वाळलेल्या फुलांबरोबर. जपानमध्ये ह्याचा चहा हाबुचा नावाने मिळतो, कोरियातही पितात. चहा खरंच बरा लागतो, थोडा कॉफीच्या अंगाने जाणारा.

इथवर सगळी गंमतच होती. आता पुढचं सांगते. हे सांगायला आईंची परवानगी घेतली आहे. त्या म्हणाल्या, "सांग, चार जणींचं भलं होईल."

आईंना रक्तदाब आहे. बरीच वर्षं गोळ्या चालू आहेत, त्यातली एक लघवी वाढवून रक्तदाब उतरवणारी. त्यात इथे आल्यापासून पोट नीट साफ होत नाही ही तक्रार. गुगलवर कुठेतरी नातवाने वाचून दाखवलं की जुएमिंगच्या चहाने रक्तदाबही उतरतो, चरबीही उतरते आणि पोटही साफ होतं. झालं. आईंना वाटलं, आपल्याच बांधावरचं औषध, आपल्याला काय करणार! दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी पाव किलो बी आणलं. अंकल भाजलेलं देत होते, तर ह्यांनी खुणेनं सांगितलं, भाजलेलं नको, कच्चं द्या. भाजलं की गुण जातो, असं आमच्याकडे म्हणतात म्हणे.

पहिल्या आठवड्यात चमचाभर. पोट साफ झालं, आई खूश. दुसऱ्या आठवड्यात मूठभर, आणि तेही दिवसातून दोनदा, उकळून, खालचा चोथा चावून खाऊन. मी कामावर, घरातले सगळे आपापल्या कामात. तिसऱ्या आठवड्यात आई पुलापर्यंत चालेनात. पाय भरून येतात म्हणाल्या. रात्री पोटऱ्यांत गोळे यायला लागले. मला वाटलं वय झालं, चालणं जास्त झालं. एका सकाळी न्हाणीघरातून बाहेर येताना त्या भिंतीला धरून खाली बसल्या, आणि छातीत कसंतरी होतंय, धडधडतंय म्हणाल्या.

इस्पितळात नेलं. रक्त तपासलं तर पोटॅशियम २.९. ते साधारण साडेतीनच्या वर असायला हवं. हृदयाचा आलेख काढला, त्यातही फरक दिसला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्यांशिवाय आणखी काही घेता का? आई म्हणाल्या, नाही. मीही म्हटलं, नाही. खोटं बोलायचं आमच्या मनात नव्हतं. चहा म्हणजे काही 'घेणं' असतं, हेच आमच्या डोक्यात नव्हतं.

नर्सनं जुलाब होतात का म्हणून विचारलं, तेव्हा आई सहज म्हणाल्या, "होतात ना, तो टाकळ्याचा चहा घेते त्याने छान साफ होतं." मग सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

झालं काय होतं, ते डॉक्टरीणबाईंनी आम्हाला कागदावर काढून दाखवलं. टाकळ्याच्या बीमध्ये अँथ्राक्विनोन नावाच्या गटातली द्रव्यं असतात. सोनामुखीत रेच होण्याचा जो गुण आहे, तो ह्याच गटातल्या द्रव्यांचा. टाकळा आणि सोनामुखी एकाच कुळातली झाडं, दोघांच्याही नावात सेना आहेच. ही द्रव्यं मोठ्या आतड्याला ढकलतात आणि पाण्याबरोबर पोटॅशियमही बाहेर जातं. आईंची रक्तदाबाची गोळी लघवीवाटे पोटॅशियम आधीच काढत होती. एका टाकीला दोन तोट्या, आणि दोन्ही उघड्या. पोटॅशियम फार उतरलं की स्नायू थकतात, आणि हृदय हाही स्नायूच. ते ताल सोडू शकतं. ज्यांना हृदयासाठी डिगॉक्सिनची गोळी चालू आहे, त्यांना तर असं पोटॅशियम उतरणं अधिकच धोक्याचं.

आईंना दोन दिवस ठेवून घेतलं, पोटॅशियम भरून काढलं, चहा बंद केला. आठवड्याभरात त्या पुन्हा पुलावर आल्या. आमचं थोडक्यात निभावलं. चार दिवस उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते मी इथे बोलत नाही.

बरं वाटल्यावर आईंनी हट्ट धरला की मला चिनी वैद्याला विचारायचं आहे, चूक बीची की माझी. मग आम्ही नोंदणी असलेल्या एका चिनी वैद्याकडे गेलो. सिंगापुरात चिनी वैद्यकाचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी २००० सालापासून कायदा आहे, आणि वैद्याचं नाव मंडळाच्या यादीत असावं लागतं. ती यादी कोणालाही बघता येते. वैद्यांनी दोन्ही मनगटांची नाडी बराच वेळ पाहिली, जीभ बघितली. जीभ फिकट, ओलसर, कडेला दातांचे ठसे. म्हणाले, "ह्यांचं पोट आधीच थंड आणि अशक्त आहे. हे बी उष्णता चढलेल्या माणसाचं. ज्याचं शौच पातळ, ज्याचा रक्तदाब उतरता, त्याला आम्ही हे देत नाही. आणि कच्चं, मूठभर, रोज, असं तर कोणालाच देत नाही."

आई मला म्हणाल्या, "बघ, म्हणजे त्यांच्यातही पथ्य आहे." मला ते वाक्य फार पटलं. आपल्याला बरणी दिसते, बरणीमागचं पथ्य दिसत नाही.

आता आपल्या वैद्यकात काय म्हटलंय? भावप्रकाश नावाचा सोळाव्या शतकातला ग्रंथ आहे. त्यात चक्रमर्दाचं झाड थंड म्हटलंय, पण त्याचं फळ उष्ण म्हटलंय. चिनी ग्रंथ तेच बी किंचित थंड म्हणतात. म्हणजे एकच दाणा, दोन शास्त्रं, दोन उलट शेरे. ह्यात कोण बरोबर हा वाद मी घालणार नाही. प्रत्येक शास्त्राचं मोजमाप त्याच्या त्याच्या घरातलं असतं. पण एक धडा नक्की आहे. अर्धं ज्ञान आजीकडचं, अर्धं चिनी दुकानातलं आणि उरलेलं मोबाइलवरचं, अशी खिचडी केली की कुठल्याच शास्त्राचं पथ्य पाळलं जात नाही.

आधुनिक संशोधनाचं विचाराल, तर प्राण्यांवरच्या आणि प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत ह्या बीच्या अर्कानं रक्तातली चरबी आणि रक्तदाब थोडा कमी झाल्याचं दिसलं आहे. पण त्यावरून आपली गोळी बंद करून चहावर राहावं, असं काही सिद्ध झालेलं नाही. आणि डोळ्यांबद्दल तर स्पष्ट सांगते. मोतीबिंदू चहाने विरघळत नाही. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. नजर धुरकट वाटली, दिव्याभोवती कडी दिसायला लागली, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.

आणखी एक धोका सांगायलाच हवा, कारण आपल्यापैकी बरेच जण सुट्टीत गावी जातात आणि रानभाज्या, रानबिया गोळा करतात. टाकळ्यासारखाच दिसणारा त्याचा एक चुलतभाऊ आहे, सेना ऑक्सिडेंटालिस. त्याला कासविंदा म्हणतात, काही ठिकाणी रानटाकळाही म्हणतात. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात दर हिवाळ्याच्या तोंडाला लहान मुलं अचानक आजारी पडत, उलट्या, बेशुद्धी, आणि बरीच दगावत. वर्षानुवर्षं तो मेंदूचा ताप समजला गेला. शेवटी बिजनोर भागात डॉक्टरांनी नीट शोध घेतला, आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचा संबंध ह्या झाडाच्या शेंगा खाण्याशी लागला. मुलं खेळता खेळता शेंगा सोलून दाणे खात होती. यकृत, स्नायू आणि मेंदू, तिन्हींवर त्याचा घाला पडतो.

म्हणून ओळख पक्की हवी. टाकळ्याच्या पानांच्या जोड्या तीन, टोकं गोलसर. कासविंद्याच्या जोड्या चार-पाच, टोकं अणकुचीदार. टाकळ्याची शेंग बारीक आणि वाकडी, कासविंद्याची चपटी आणि जवळपास सरळ. बी टाकळ्याचं खुरासारखं तिरपं, कासविंद्याचं गोलसर चपटं. आणि शंभर टक्के खात्री नसेल, तर तोडायचंच नाही. मुलांना रानातल्या शेंगा तोंडात घालू द्यायच्या नाहीत.

तर मंडळी, थोडक्यात लक्षात ठेवायच्या चार गोष्टी.

पहिली. डॉक्टर "आणखी काही घेता का" विचारतात, तेव्हा चहा, काढा, चूर्ण, तेल, सगळं सांगायचं. जमलं तर पुडी पिशवीत टाकून न्यायची. पुडीवरचं चिनी नाव तुम्हाला वाचता आलं नाही तरी इथल्या दवाखान्यात कोणालातरी वाचता येतंच.

दुसरी. रक्तदाबाची, लघवीची, हृदयाची गोळी चालू असेल, शौच पातळ होत असेल, गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर हे बी स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही. कोणतंही रेचक रोजचं करायचं नाही, आतडं त्याच्यावरच बसून राहतं.

तिसरी. वजन उतरवणाऱ्या चहाच्या पाकिटांत हे बी पुष्कळदा असतं. तिथे उतरतं ते बहुतेक पाणी. शिवाय वजन उतरवण्याच्या काही मालात न सांगता मिसळलेली औषधं सापडल्याचे इशारे इथली हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटी वेळोवेळी देत असते. ते वाचत चला.

आणि चौथी. घ्यायचंच असेल, तर नोंदणी असलेल्या वैद्याला नाडी दाखवून, प्रमाण विचारून, आणि किती दिवस ते विचारून. आपल्या देशी वैद्यालाही हाच नियम.

ह्या शहरात ही सोय जुनी आहे. १८६७ साली सुरू झालेली थोंग चाय ही संस्था जात-धर्म न बघता गरिबांना फुकट चिनी औषध देत आली. तिची यू तोंग सेन स्ट्रीटवरची १८९२ सालची इमारत आज राष्ट्रीय स्मारक आहे. चायनाटाउनकडे गेलात तर जरूर बघा. हार्बरफ्रंटवरून जांभळ्या लाइनची गाडी थेट तिकडे जाते, आणि तशीच पुढे लिटल इंडियाला. दोन्हीकडे औषधांची दुकानं, आणि दोन्हीकडे तोच प्रश्न विचारायचा असतो: हे कोणासाठी, किती आणि किती दिवस?

जाता जाता, उरलेल्या बीचं काय झालं ते सांगते. थोडं बी तसंच होतं. फेकायला आईंचा हात होईना. दुकानातल्या त्या अंकलना कळलं तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी सांगितलं, आमच्याकडे ह्याच्या उशा करतात, डोक्याला गार लागतात. मग त्यांनीच आणखी थोडं बी दिलं, पैसे घेतले नाहीत. आईंनी जुन्या नऊवारीच्या काठाची खोळ शिवली. आता दुपारी त्या त्याच उशीवर डोकं टेकतात. कूस बदलली की सळसळ आवाज येतो. म्हणतात, पावसाळ्यात बांधावरून चालल्यासारखं वाटतं.

आज इथेच थांबते. काळजी घ्या, आणि घरातल्या मोठ्या माणसांना आज रात्री एकदा विचारा, सध्या कसला कसला चहा चालू आहे. नमस्कार.